पुट्टीची की उबुंटू घेईना, सारखा पासवर्डच मागायलंय

आडतवाला_लातूर:
मंडळी, आडतीवर हिशोबासाठी उबुंटूचं (लिनक्सचं) मशीन बसवलंय, लॅपटॉप विंडोज १० चा. पुट्टीतून (लांबून दुसऱ्या मशीनवर एसएसएचनं जायचं सॉफ्टवेअर) पासवर्डनं लॉगिन होतंय, पण मला पासवर्ड बंद करून कीवर (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी पब्लिक-प्रायव्हेट जोडी) जायचंय म्हणून पुट्टीजेननं (पुट्टीचाच की बनवायचा प्रोग्राम) की बनवली, 'सेव्ह पब्लिक की' केलं, त्या फाईलीतलं सगळं उबुंटूच्या ऑथराइज्ड कीज फाईलीत (कुठल्या की चालतील त्याची यादी) चिकटवलं तरी 'सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की' म्हणायलंय. सोयाबीनची आवक सुरू झाली की डोकं वर काढायला टाईम नसतो, त्याच्या आत काढा राव यातून.

परभणीवाला:
त्या सेव्ह बटणाचाच घोळ हाय भाऊ. त्यातून निघणारी फाईल वेगळ्याच फॉरमॅटची असते, वर 'बिगिन एसएसएच२ पब्लिक की' अन खाली तुकडे पाडलेल्या ओळी. उबुंटूला एक की म्हणजे एकच सलग ओळ लागते. पुट्टीजेनमध्ये पीपीके फाईल (प्रायव्हेट कीची) लोड करा, वरच्या चौकोनातली लांबलचक ओळ पूर्ण कॉपी करून टाका, मधी एंटर पडला की गेली. डॉट एसएसएच फोल्डरला ७०० परमिशन, आतल्या ऑथराइज्ड कीज फाईलीला ६००, म्हणजे हक्क फक्त मालकाला. अन कुणी होम फोल्डरलाच ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) मारून ठेवलं असंल (काही चालंना की पहिलं तेच करतेत लोकं) तर की बरोबर असून पण सर्व्हर घेत नाही, ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींची फाईल) 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' दिसंल.

नांदेडी_टक्स:
पुट्टी कशाला आता, विंडोज १० मध्ये १८०९ व्हर्जनपासून ओपनएसएसएच (एसएसएचचंच सॉफ्टवेअर) आतच येतंय. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड द्यायची विंडो) एसएसएच-कीजेन चालवा, ईडी२५५१९ प्रकारची की बनवा, पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड) टाका. एसएसएच-कॉपी-आयडी (की आपोआप सर्व्हरवर टाकणारी कमांड) तेवढं विंडोजवर नाही, ओळ हातानंच चिकटवा. अन उबुंटूच्या एसएसएच सेटिंगमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशन 'नो' करून सर्व्हिस रिस्टार्ट कराल तेव्हा चालू विंडो बंद करू नका, दुसऱ्या विंडोतून कीनं आत जाऊन बघा आधी, नाहीतर मशीनपाशी कीबोर्ड घेऊन बसायची पाळी.

आडतवाला_लातूर:
वरच्या चौकोनातली ओळ टाकली अन गेलं की आत! आता उलटं, उबुंटूवरून लॅपटॉपवर यायचंय. तिथं ओपनएसएसएच सर्व्हर टाकला, ऑथराइज्ड कीज पण ठेवली, पुन्हा पासवर्डच. अन घरून यायला राऊटरवर २२ पोर्ट (एसएसएचचा दरवाजा) उघडू का?

परभणीवाला:
तुमचं विंडोजचं अकाउंट अ‍ॅडमिन असणार. अ‍ॅडमिनसाठी ते युजर फोल्डरातली फाईल बघतच नाही, सी ड्राईव्हवर प्रोग्रामडेटामधल्या एसएसएच फोल्डरात 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स_ऑथराइज्ड_कीज' नावाची फाईल लागते, अन तिच्यावर हक्क फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स अन सिस्टम या दोघांचा, बाकीचे काढून टाका. २२ उघडायच्या भानगडीत पडू नका, बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) रात्रभर 'रूट' या मुख्य अकाउंटच्या नावानं लॉगिन मारून लॉग भरवतेत. वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून खासगी बोगदा) टाका अन त्यातून या.