प्रतिसाद: माध्यम ठरवणार कोण?

"राज्याने कायदा करून विद्यापीठात शिक्षणाच्या भाषेचं एकच माध्यम ठेवावं, प्रश्न मिटला" असं म्हटलं जातं. इतकं सोपं नाहीये ते. १९६२ चा गुजरात विद्यापीठाचा खटला बघा.

गंमत म्हणजे त्यातला विद्यार्थी मराठी मातृभाषेचा. एसएससीची उत्तरंही त्याने मराठीतच लिहिलेली. अहमदाबादच्या सेंट झेवियर्समध्ये पहिलं वर्ष इंग्रजीतून झालं, पण पुढच्या वर्गाला प्राचार्य म्हणाले, नियमानुसार विद्यापीठाच्या परवानगीशिवाय इंग्रजी वर्गात घेता येणार नाही. गुजराती किंवा हिंदी, एवढाच पर्याय. वडील कोर्टात गेले आणि जिंकले. विद्यापीठ आणि राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेले, तिथेही हरले.

बहुमताचा निकाल न्या. जे. सी. शहांचा. गुजरात विद्यापीठाच्या १९४९ च्या कायद्याने विद्यापीठाला गुजराती-हिंदीला उत्तेजन द्यायला सांगितलं होतं, एकमेव माध्यम म्हणून ती लादायचा अधिकार दिला नव्हता. शिवाय उच्च शिक्षणाचा दर्जा राखणं राज्यघटनेतल्या केंद्राच्या विषयांच्या यादीत (नोंद ६६), त्यामुळे माध्यमाचा दर्जावर परिणाम होतो तिथे राज्याचे हात बांधलेले. न्या. सुब्बा राव मात्र असहमत होते, आणि मला त्यांचंच पटतं. प्रादेशिक भाषेने दर्जा घसरतो हे आधीच गृहीत कशाला धरायचं?

१९७६ मध्ये शिक्षण समवर्ती सूचीत (म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत) गेलं, पण नोंद ६६ जागच्या जागी आहे. म्हणजे नुसता राज्याचा कायदा पुरेलच असं नाही.