डेफिनिएन्डम म्हणजे नेमकं काय? (बीए लॉजिक)

निपाणीची_अक्का:
बीएला लॉजिक घेतलंय, नोट्स सगळ्या इंग्लिशमधनं आणि दर ओळीला डेफिनिएन्डम नाहीतर डेफिनिएन्स, कुठलं कुठलं तेच कळेना झालंय मला. कुणीतरी सरळ सांगा की. आणि तर्कसंग्रह ह्या न्यायदर्शनाच्या ग्रंथातलं लक्ष्य-लक्षण (ज्याची ओळख सांगायची ते आणि ओळखीची खूण) म्हणजे हेच काय?

कॅम्पवाला:
सोपं हाय बघ. ज्याची व्याख्या करायची तो शब्द डेफिनिएन्डम, आणि त्याचा अर्थ सांगायला जे लिहितो ते डेफिनिएन्स. दोन्ही लॅटिन 'डेफिनिरे'तनं आलेत, म्हणजे हद्द आखणे. 'कुंदा म्हणजे दूध आटवून साखर घालून तपकिरी होईस्तोवर परतलेली मिठाई', ह्यात 'कुंदा' डेफिनिएन्डम, 'म्हणजे'च्या पुढचं सगळं डेफिनिएन्स. डेफिनिएन्समध्ये तोच शब्द परत आणलास, 'कुंदेवाले करतात तो कुंदा' असं, की व्याख्या चक्राकार झाली, मार्क गेले.

खानापूर_रोड:
आणि नुसतं 'दुधाची मिठाई' लिहिलं तर पेढापण आत शिरतो, ती अतिव्याप्ती. पेपरात मात्र गाईचंच उदाहरण लिही, तर्कसंग्रहावरच्या अन्नंभट्टाच्या दीपिका टीकेत तेच हाय. शिंगं हे लक्षण धरलं तर म्हैसपण गाय होते, कपिल रंग धरला तर पांढऱ्या-काळ्या गाई बाहेर राहतात म्हणजे अव्याप्ती, आणि एकच अखंड खूर म्हटलास तर एकबी गाय सापडायची नाही, तो असंभव. गळ्याखालची पोळी धरली की बरोबर बसतं. लक्ष्य म्हणजेच डेफिनिएन्डम, लिही बिनधास्त.

टिळकवाडी_सर:
बिनधास्त नको. न्यायदर्शनातलं लक्ष्य म्हणजे गोठ्यात उभी असलेली ती गाय. आधुनिक लॉजिकच्या पुस्तकात डेफिनिएन्डम म्हणजे 'गाय' हा शब्द. गाय दूध देते, शब्द देत नाही. दोन्ही एकच असं लिहून आलात तर कडक तपासणारा मार्क कापणारच, आणि माझ्या मते कापावेतच.

निपाणीची_अक्का:
आत्ता कळालं सर. मग डिक्शनरीत डावीकडं जाड टाइपात असतो तो शब्द डेफिनिएन्डमच की?

टिळकवाडी_सर:
होय, पण जागेवरनं ओळखायला जाऊ नका. 'तीन रेषाखंडांनी बंदिस्त झालेल्या आकृतीला त्रिकोण म्हणतात' ह्यात तो शेवटाकडं आलाय, मराठी पाठ्यपुस्तकात अशी वाक्यं भरपूर. अर्थ कुणाचा ठरवला जातोय तेवढं बघा. अनेकवचन डेफिनिएन्डा.