जेल लावावं की गळा जपावा?

काळी_चार, फोंडा
वय ५१. पाळी जाऊन अडीच वर्षं झाली. घामाच्या लाटा, रात्री तीनला जाग, उगाच चिडचिड, यासाठी दीड वर्षापासून इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी घेते आहे. झोप परत आली, माणसात आले. एक गोष्ट मात्र परत आली नाही. नवरा चांगला आहे, भांडणतंटा नाही, कोरडेपणासाठी क्रीम आहे त्यामुळे दुखतही नाही. नुसती इच्छाच होत नाही. ताट वाढलेलं आहे आणि भूक मेलेली आहे, असं काहीसं. आणि याचं मला वाईट वाटतं, हे आधीच सांगून ठेवते.

डॉक्टरीणबाईंनी त्यासाठी टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं, जेल सुचवलंय. पुरुषांसाठीचंच, पण अगदी थोडंसं. आता अडचण. मी घरी गाणं शिकवते, दोन भजनी मंडळांत गाते. लग्नाआधी पेटीच्या काळी पाच पट्टीत गायचे, पाळी जातानाच्या त्या दोन-तीन वर्षांत न सांगता एक पट्टी खाली, काळी चारवर आले. बाई म्हणाल्या, डोस जास्त झाला तर आवाज जाड होऊ शकतो आणि एकदा झाला की मूळ आवाज परत येईलच असं नाही. तिथेच मी अडकलेय. कल लावण्याकडे आहे, साठ-चाळीस. खोडून काढायचं असेल तर काढा.

पेडण्याची_वहिनी
ताई, रागावू नका, पण माझं मत सरळ विरुद्ध. पन्नाशीनंतर सगळंच थोडं थोडं मागे पडतं. त्यातल्या प्रत्येकाला ट्यूब शोधत बसायची का? आणि पुरुषाचं औषध बाईने लावायचं, त्याच्या खोक्यावर बाईसाठी एक ओळसुद्धा छापलेली नाही! खरं सांगा, हे तुम्हाला हवंय की घरातल्या माणसासाठी करताय?

सासष्टीची_५२
वहिनी, चाळिशीत चष्मा लागतो तेव्हा आपण घेतोच की. वय झालं, पेपर वाचू नका, असं कोणी सांगत नाही.

माझं सांगते. ४३व्या वर्षी गर्भाशय काढलं, त्याच वेळी दोन्ही अंडाशयंही. एरवी बाईचं टेस्टोस्टेरॉन तिशीपासून हळूहळू उतरत जातं, पाळी जाताना एकदम कोसळत नाही. पण अंडाशयं काढली की झटक्यात निम्म्यावर येतं. माझं तेच झालं. आठ वर्षं मी स्वतःला समजावलं की संपलं हे प्रकरण. आता चौदा महिने जेल लावते आहे. पहिला दीड महिना काही म्हणजे काही फरक नाही. मग मे महिन्यात एकदा ओट्याशी मानकुराद आंबा कापत होते, हे मागून आले, खांद्यावर हनुवटी टेकली, आणि मला बरं वाटलं. सरकायचं सुचलंच नाही. सुरी हातात, रस कोपरापर्यंत, आणि मी आपली तशीच उभी. आता हे कोणासाठी केलं म्हणायचं, वहिनी?

तोटाही सांगते. मांडीवर रोज एकाच जागी लावत होते, तिथे काळी लव आली. आता जागा बदलते.

औषधवाला_म्हापसा
दुकानात रोज बघतो म्हणून लिहितो. आपल्याकडे मिळतं ते १ टक्क्याचं, ५ ग्रॅमचं पाकीट. म्हणजे एका पाकिटात ५० मिलिग्रॅम, हा पुरुषाचा एका दिवसाचा डोस. बाईला साधारण ५ मिलिग्रॅम लागतं. एक पाकीट दहा दिवस! फोडलेलं पाकीट चिमटा लावून कपाटात ठेवायचं आणि रोज वाटाण्याएवढं बोटावर घ्यायचं. बोटाबोटात फरक, वाटाण्यावाटाण्यात फरक. गडबड होते ती इथे. आवाज, मिशी, केस गळणं या तक्रारी मुख्यतः अशाच अंदाजपंचे डोसातून येतात. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये खास बायकांसाठी मोजून घ्यायचं क्रीम मंजूर झालं. युरोपात २००६ मध्ये पट्टी आली होती, २०१२ मध्ये बाजारातून गेली. अमेरिकेत बायकांसाठी अजून काही मंजूर नाही, आपल्याकडेही नाही. बिनसुईची १ मिलीची सिरिंज घ्या, अर्ध्या मिलीच्या खुणेपर्यंत भरा. डॉक्टरांना दाखवून मगच. आणि चिठ्ठीशिवाय मागू नका, मी देणार नाही.

पेडण्याची_वहिनी
बघा, दुकानदारच सांगतोय की वाटाणा मोजता येत नाही. आणि दुसरं. हे जेल लावलेल्या कातडीला लहान मूल चिकटलं तर त्याच्याही अंगात जातं. पुरुषांच्या जेलमुळे अगदी लहान पोरांमध्ये वयात येण्याची लक्षणं दिसली, म्हणून अमेरिकेत २००९ मध्ये पाकिटावर ठळक इशारा छापायला लावला. गणेश चवथीला मूळ घरी तुमच्या मांडीवर किती पोरं लोळतात, मोजलंत कधी?

निवृत्त_डॉक्टर, डिचोली
वहिनींचा हा मुद्दा रास्त आहे. मांडी झाकलेली ठेवायची, हात साबणाने धुवायचे, मनगटाला अत्तरासारखं चोळायचं नाही. बाकी दोन्ही बाजूंना थोडं थोडं रागावतो.

हल्ली रील बघून बायका येतात: थकवा, विसरभोळेपणा, हाडं, सगळ्यावर हे जेल द्या. त्यासाठी पुरावा नाही. २०१९ मध्ये ३६ चाचण्यांचा, साडेआठ हजारांच्या आसपास बायकांचा एकत्र आढावा निघाला. फायदा ठळक दिसला तो इच्छा कमी झाल्याचा त्रास होणाऱ्या, पाळी गेलेल्या बायकांमध्ये. त्रास हा शब्द महत्त्वाचा. इच्छा नाही आणि त्याचं काही वाटतही नाही, तर तो आजार नव्हे, उपचारही नको. फायदा किती? खोट्या औषधाच्या तुलनेत महिन्याला समाधानाचा साधारण एक प्रसंग जास्त.

रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आधी तपासायचं ते कमी आहे हे सिद्ध करायला नव्हे, आधीच जास्त तर नाही ना हे बघायला. मग तीन ते सहा आठवड्यांनी पुन्हा. सहा महिन्यांत फरक नाही तर बंद. दोन वर्षांपलीकडची खात्रीची माहिती नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी या वाटेला परस्पर जाऊ नये. थायरॉईड, हिमोग्लोबिन, नैराश्याच्या गोळ्या हेही आधी बघा. त्या गोळ्यांनीही इच्छा मरू शकते, आणि हे पेशंटला कोणी विचारतच नाही.

पेडण्याची_वहिनी
महिन्याला एक! त्यासाठी सिरिंज, रक्त, साबण आणि पोरांना लांब ठेवायचं?

सासष्टीची_५२
शून्याचा एक झालाय, वहिनी. शून्यावर आठ वर्षं बसून बघा.

काळी_चार
डॉक्टर, आवाजाचं राहिलं.

निवृत्त_डॉक्टर, डिचोली
बायकांच्या पातळीतला डोस असेल तर चाचण्यांमध्ये आवाज बदलल्याचं दिसलेलं नाही. पण तुमचं काम गळ्याचं आहे. ऐकणाऱ्याला कळण्याआधी तुम्हाला कळेल. कळलं त्या दिवशी थांबा, महिनाअखेरची वाट बघू नका.

काळी_चार
ठरवलं ते लिहिते. चवथ होईपर्यंत नाही. मूळ घरी सात पोरं असतात, त्यातली दोन अजून रांगतात, वहिनी बरोबर बोलल्या. तोवर रक्त तपासून घेते. आणि आज सकाळी फोनवर तंबोरा लावून काळी चारमध्ये खालच्या मंद्र पंचमापासून वरच्या तार गंधारापर्यंत गाऊन ठेवलं, वर एक अभंगही. तार गंधार आजच जरा घासतोय, हेही ऐकलं. जेल सुरू केल्यावर दर रविवारी त्याच वेळी, चहाच्या आधी, तेच गाणार. गंधार गेला तर जेल गेलं.

वहिनी, तुम्ही विचारलंत कोणासाठी. नवऱ्याला धागा वाचून दाखवला. म्हणाले, माझ्यासाठी करू नकोस, गळा बसला तर मंडळातल्या बायका मलाच धरतील. म्हणजे हे माझ्यासाठीच, असं दिसतंय. कल सत्तर-तीस झालाय.

पेडण्याची_वहिनी
माझं मत बदललेलं नाही. अभंगाचं रेकॉर्डिंग मात्र टाका इथे.