नवा कोरा ट्रेलर, दुसऱ्याच रात्री गळायला लागला, आता काय करू?

रानवाटा_ओहायो:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय कारण काही सुचेनासं झालंय. मे महिन्यात आम्ही नवा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं चाकावरचं घर) घेतला, २५ फुटी, एक स्लाइड (मुक्कामी बाहेर सरकवायचा खोलीचा भाग) असलेला, १५ वर्षांचं कर्ज काढून. मुलं शाळेत आहेत तोवर त्यांना घेऊन यलोस्टोन, ग्लेशियर सगळं फिरायचं असं मी आणि बायकोने कधीचं ठरवलं होतं. पहिली ट्रिप मुद्दाम जवळची ठेवली, दोन तासांवरच्या स्टेट पार्कात तीन रात्री, आणि दुसऱ्या रात्री जोराचा पाऊस झाला. पहाटे धाकटीने उठवलं, "बाबा माझी उशी ओली झालीय". टॉर्च लावून बघतो तर स्लाइडमधल्या खिडकीच्या कोपऱ्यातून पाणी भिंतीवरून ओघळत सोफ्याच्या मागे जात होतं, आणि तिथली जमीन अंगठ्याने दाबली तर चक्क दबत होती.

मग मी एकेक उघडून बघायला लागलो. सिंकखालचं कपाट उघडलं तर आत लाकडाचा भुसा, कापलेल्या पाइपचे तुकडे आणि चार-पाच स्क्रू तसेच पडलेले, एका जोडावरची तांब्याची रिंग अर्धवटच दाबलेली आणि तिथून थेंब थेंब पाणी. एका ड्रॉवरची पट्टी नुसत्या स्टेपलवर उभी होती, ती निघून हातात आली. बाथरूमचं दार लागत नाही. पहिल्या घासालाच खडा लागावा तसं झालंय.

डीलरला फोन केला तर म्हणे पाणी म्हणजे कंडेन्सेशन असेल, म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन जमलेलं पाणी, घेऊन या, पण सहा आठवडे नंबर नाही. कंपनीला फोन केला तर म्हणे डीलरशी बोला. नुसती टोलवाटोलवी. आता तीन प्रश्न आहेत. नव्या ट्रेलरमध्ये हे असं असतंच का? परत करता येतो का? आणि सहा आठवडे तो तसाच ओला ठेवायचा का? कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

डेट्रॉइटकर:

दादा, वाचून वाईट वाटलं. मी गाड्यांच्या सुट्या भागांच्या क्वालिटीत काम करतो, ट्रेलर बनवणारे काही जण आमच्याच व्यवसायातून तिकडे गेलेत म्हणून थोडं माहितीय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, दुर्दैवाने हे खूप कॉमन आहे, आणि त्याचं कारण एखादा कामगार वाईट आहे हे नाही, काम करून घ्यायची पद्धतच तशी आहे.

अमेरिकेतले ८० टक्क्यांहून जास्त आरव्ही, म्हणजे असे ट्रेलर आणि मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेली घर-गाडी), इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि त्याच्या आसपास बनतात. तिथल्या बऱ्याच कारखान्यांत पगार पीस रेटवर, म्हणजे दिवसाला जितके ट्रेलर बाहेर पडतील तसा पैसा, शिफ्ट पहाटे सुरू होते आणि आकडा पूर्ण झाला की लोक घरी जातात. आता तुम्हीच विचार करा, ज्याला रिंग दाबायची आहे त्याने गेज लावून तपासत बसायचं का पुढचा ट्रेलर घ्यायचा? मोटारीच्या कारखान्यात लाइन थांबवायचा अधिकार असतो, एकच मॉडेल लाखोंनी निघतं, डिझाइनवर वर्षानुवर्षं टेस्टिंग होतं. इथे एकाच छताखाली ढीगभर फ्लोअरप्लॅन (आतल्या मांडणीचे प्रकार), जवळजवळ सगळं हाताने, वरून सुट्या वस्तू वेगवेगळ्या पुरवठादारांच्या, एका ट्रेलरमध्ये फ्रीज एकाचा, ॲक्सल दुसऱ्याचा, स्लाइडची मोटर तिसऱ्याची.

कोविडनंतर तर कहरच झाला, २०२१ मध्ये ६ लाखांहून जास्त आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडले, आजवरचा सगळ्यात मोठा आकडा, २०२३ ला तो ३ लाख १३ हजारांवर आला. इतक्या घाईत माणसं नवीन, माल मिळेल तो, आणि गिऱ्हाईक रांगेत उभं. त्या काळातला ट्रेलर कुणी सेकंडहँड घेत असेल तर डबल तपासा.

अजून एक, दाराजवळ जो इंडस्ट्री असोसिएशनचा छोटा शिक्का असतो तो बघून लोक निर्धास्त होतात. तो शिक्का वायरिंग, गॅस, प्लंबिंग, आगीपासून सुरक्षा यासाठीचे स्टँडर्ड पाळल्याचा असतो. खिडकी नीट बसवलीय का, कपाट टिकेल का याच्याशी त्याचा संबंध नाही.

चाकावरचं_घर:

भाऊ, मी तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते कारण तो सगळ्यात तातडीचा आहे. सहा आठवडे ओला ठेवायचा नाही, अजिबात नाही. आमच्या पहिल्या ट्रेलरला आम्ही "डीलर बघेल" म्हणत दोन महिने काढले आणि तोवर भिंत बाहेरून फुगली. बाहेरचं फायबरग्लास आतल्या पातळ प्लायला गोंदाने चिकटवलेलं असतं, त्या प्लायमध्ये एकदा पाणी शिरलं की पापुद्रा सुटतो, आणि सुटलेला पापुद्रा परत पहिल्यासारखा बसत नाही. मी हात फिरवला तेव्हा भिंत आत-बाहेर होत होती, टाळी वाजवल्यासारखा टप टप आवाज, तो आवाज मी विसरू शकत नाही.

आज काय करायचं ते सांगते. कशालाही हात लावायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, तारीख दिसेल असे, जमीन दाबतानाचा व्हिडिओ सुद्धा. मग सोफा बाहेर काढा, पंखा आणि डिह्युमिडिफायर लावा, खालच्या कडेचं पॅनेल निघत असेल तर काढून हवा जाऊ द्या. दुकानात साधा मॉइश्चर मीटर मिळतो तो आणा आणि कोरड्या भिंतीचं रीडिंग आणि या कोपऱ्याचं रीडिंग दोन्ही लिहून ठेवा, म्हणजे कंडेन्सेशन म्हणून कुणी बोळवण करू शकणार नाही. कंडेन्सेशन काचेवर सगळीकडे दिसतं हो, एकाच कोपऱ्यातून ओघळत नाही.

गळती शोधायला होजपाइप घ्या, एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर जायचं. वरून सोडलं तर पाणी सगळीकडेच वाहतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. प्रत्येक उंचीवर चार-पाच मिनिटं थांबा. बहुतेक वेळा खिडकीच्या फ्रेममागची ब्युटाइलची (पाणी अडवणारी चिकट, करडी) पट्टी कमी पडलेली असते नाहीतर छताच्या कडेच्या लाल-पिवळ्या मार्कर लाइटमधून पाणी येतं. आणि सापडलं तरी त्यावर घरगुती सिलिकॉन थापू नका, नंतर त्यावर दुसरं सीलंट धरत नाही. फोटो काढून तात्पुरती टेप लावा, वरून ताडपत्री.

प्लंबिंगचंही बघून घ्या. बाहेरच्या नळाची जोडलेली नळी काढून टाका, टाकीत पाणी भरा, पंप चालू करा, सगळे नळ बंद करा आणि शांत बसा. पंप एकदा दाब धरून गप्प झाला पाहिजे. दर थोड्या मिनिटांनी आपोआप घुरघुरला तर कुठेतरी अजून गळती आहे, मग ती दिसो न दिसो. (सिंकखालच्या त्या रिंगचा जोड आधी दुरुस्त करून मगच ही टेस्ट करा.)

कागद_आधी:

परत करण्याबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं तीन दिवसांत वस्तू परत करता येते. तो फेडरल नियम घरी येऊन वगैरे केलेल्या विक्रीसाठी आहे, डीलरच्या जागेवर जाऊन घेतलेल्या वाहनाला लागू नाही. लेमन लॉ, म्हणजे वारंवार बिघडणारं नवं वाहन कंपनीला परत घ्यायला लावणारा कायदा, प्रत्येक राज्याचा वेगळा, आणि बऱ्याच राज्यांत तो ओढून न्यायच्या ट्रेलरला लागतच नाही, मोटरहोम असेल तर फक्त चॅसिसच्या (इंजिन, चाकं, खालचा सांगाडा) भागाला, राहायच्या भागाला नाही. तुमच्या राज्याचा नीट वाचा नाहीतर त्यातल्याच वकिलाला विचारा.

पण तुमच्याकडे १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. कंपनीने लेखी वॉरंटी दिली आणि ती पाळली नाही तर दावा करता येतो, आणि जिंकलात तर कोर्ट वकिलाची फीसुद्धा समोरच्याकडून देववू शकतं. त्यासाठी कागद पाहिजे. म्हणून फोन बंद, आजपासून सगळं ईमेलवर. डीलरने ट्रेलर घेतला की रिपेअर ऑर्डरवर तुमच्या शब्दांत प्रत्येक दोष लिहून घ्या, "कस्टमर म्हणतो गळतंय" इतकंच नको, खिडकी कुठली, कोपरा कुठला, मीटर किती. ट्रेलर किती दिवस त्यांच्याकडे पडून राहिला त्याच्या तारखाही ठेवा.

वॉरंटीची पुस्तिका आजच पूर्ण वाचा. काहींमध्ये अट असते की डीलरला जमलं नाही तर आधी थेट कंपनीला लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्यायची, ती पायरी चुकली तर पुढे अडचण. काहींमध्ये दावा इंडियानाच्याच कोर्टात करायचा असं लिहिलेलं असतं. आणि एक उपाय बरेच लोक विसरतात, कंपनीला विचारा की स्वतंत्र मोबाइल टेक्निशियन घरी बोलावला तर चालेल का, लेखी मंजुरी मिळाली तर सहा आठवडे वाचतात.

गॅस, ब्रेक, ॲक्सल, टायर यात काही दिसलं तर मात्र थांबू नका, व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) टाकून एनएचटीएसएच्या, म्हणजे सरकारी रस्ता-सुरक्षा खात्याच्या साइटवर रिकॉल (दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं) आहे का बघा आणि तक्रारही तिथेच नोंदवा.

डोंगरमाथा:

वरचं सगळं पटलं तरी एक बाजू मांडतो. आमच्याकडे सात वर्षं तोच ट्रेलर आहे, लाकडी सांगाडा आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा, पहिल्या वर्षी १९ गोष्टी दुरुस्त केल्या, त्यानंतर चाळीसेक ट्रिपा झाल्या आणि मुलं त्यातच मोठी झाली. तेव्हा हताश होऊ नका. हे म्हणजे चालतं घर आहे, रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला त्याचा भूकंप होतो, ढिलं होणारच. पण गळती आणि दबणारी जमीन हे त्या "होणारच" मध्ये येत नाही, तिथे डेट्रॉइटकरांशी सहमत.

जे अजून घ्यायचेत त्यांच्यासाठी लिहितो, चेक देण्याच्या आधीचा दिवस हा तुमचा एकमेव जोर असलेला दिवस आहे. डीलर एका तासात फिरवून दाखवतो आणि किल्ली देतो, तसं होऊ देऊ नका. चार-पाच तास मागा. पाणी, वीज, गॅस तिन्ही जोडून, प्रत्येक नळ, प्रत्येक प्लग, हीटर, एसी, स्लाइड तीनदा आत-बाहेर. शिडी लावून छतावर स्वतः बघा, व्हेंटभोवतीचं सीलंट सलग आहे का. खाली झोपून बघा. शक्य असेल तर स्वतःच्या पैशाने सर्टिफाइड इन्स्पेक्टर आणा, डीलर नको म्हणाला तर तिथून निघा. सापडलेली यादी दुरुस्त झाल्याशिवाय सही नाही. "नंतर करून देऊ" म्हणणाऱ्याचं नंतर कधी येत नाही.

आणि रानवाटा, पुढच्या ट्रिपआधी चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) तपासा. नव्या चाकांना १०, २५ आणि ५० मैलांवर परत आवळायचं असतं, हे आमच्या डीलरने सांगितलंच नव्हतं.

रानवाटा_ओहायो:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताईंनी सांगितलं तसं केलं. मी आत, बायको बाहेर होज घेऊन. खालच्या कडेला काही नाही, मध्यावर काही नाही, खिडकीच्या वरच्या कोपऱ्याला पाणी लागलं आणि अर्ध्या मिनिटात आत थेंब. फ्रेम जराशी उचलून बघितली तर करडी पट्टी कोपऱ्याच्या आधीच संपलेली, बोटभर जागा उघडी. कोरड्या भिंतीला मीटर ९ दाखवत होता, तिथे ३१. सगळ्याचा व्हिडिओ आहे.

सिंकखालचा जोड ओळखीच्या प्लंबरने नवीन रिंग घालून दिला, जुनी पिशवीत जपून ठेवलीय. पंप टेस्ट केली तर दर बारा मिनिटांनी घुरघुरतोय, म्हणजे अजून एक जागा आहे, आज बाथरूमच्या मागचं पॅनेल काढतोय.

नट तपासले, डाव्या बाजूच्या मागच्या चाकाचे दोन ढिले होते. यावर घरी कुणी काही बोललं नाही, आम्ही त्याच चाकावर मुलांना घेऊन दोन तास हायवेवर आलो होतो.

कंपनीला फोटो जोडून ईमेल केली, मोबाइल टेक्निशियनची मंजुरी मागितली. आज सकाळी उत्तर आलं, अंदाजपत्रक पाठवा म्हणतायत. टेक्निशियन गुरुवारी येतोय, जमीन उघडल्यावर आत काय निघतं ते फोटोसकट इथे टाकतो.