मदत हवी आहे: धाग्याचं रीळ आणि बॉबिन (शिलाई मशीनमध्ये खालच्या धाग्यासाठी बसते ती छोटी चकरी) जोडीने कसं ठेवू?

घरीच ब्लाऊज आणि फॉल-पिकोची कामं करते. घर भाड्याचं, त्यामुळे भिंतीला खिळा ठोकता येत नाही. हूक-बटणं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत छान राहतात, अस्तराचे तुकडे साडीच्या जुन्या कव्हरमध्ये. घोडं अडलंय रिळांपाशी. 60-70 रंग आहेत. मिठाईच्या खोक्यात ठेवली तर धागे गुंततात. बर्फाच्या ट्रेमध्ये बॉबिन बसतात, पण रीळ दुसरीकडे राहतं आणि मोरपंखी शोधताना तीन हिरव्याच हाती लागतात. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे पावसाळ्यात मऊ पडला. विकतचा ऑर्गनायझर नको, खर्च 100 रुपयांच्या आत. एका रंगाचं रीळ-बॉबिन एकत्र राहील, धागा सुटणार नाही आणि वर झाकणही बसेल (घरात मांजर आहे!), असं घरातल्या वस्तूंतून काय करता येईल?