'सीडी रॉम' म्हणजे चकती की ड्राइव्ह? आणि 'इंटरफेस'ला काय म्हणावं?

मधुरा, अमळनेर:
शाळेच्या प्रदर्शनात संगणकाचे जुने भाग मांडतोय आणि पाट्या मराठीतच लिहायच्या आहेत. त्यात १९९०च्या दशकातले दोन ड्राइव्ह आणि एक साउंड कार्ड आहे. कार्डावर तीन खोबणी असून शेजारी सोनी, मित्सुमी, पॅनासोनिक अशी नावं छापली आहेत. आमचे प्रयोगशाळेतले काका ड्राइव्हलाच 'सीडी रॉम' म्हणतात, पुस्तकात मात्र सीडी रॉम म्हणजे चकती. पाटीवर काय लिहू? आणि 'इंटरफेस'साठी कुणीतरी 'आंतरपृष्ठ' सुचवलंय, ते मुलांना कळेल का?

विनायक, जळगाव:
ताई, पुस्तक बरोबर आहे आणि काकाही. रॉम म्हणजे फक्त वाचता येणारी स्मृती, तेव्हा नाव मुळात चकतीचंच. फिलिप्स आणि सोनीने १९८३ साली ठरवलं ते मानकही चकतीचंच. पण गिऱ्हाईक "सीडी रॉम खराब झाला" म्हणत दुकानात आलं की आम्ही ड्राइव्हच खोलायचो, आणि बहुतेकदा लेन्स वीक झालेली असायची. लिंगाकडे बघा. 'ती सीडी' म्हणजे चकती, 'तो सीडी रॉम' म्हणजे ड्राइव्ह. अहिराणी बोलणारा माणूससुद्धा "सीडी रॉम बिघडी गया" म्हणतो, 'गई' म्हणत नाही. बोलीने दोन वस्तूंना दोन नावं वाटून दिली आहेत, ती मोडू नका. पाटीवर 'सीडी रॉम ड्राइव्ह' लिहा आणि खाली 'बोलीत : सीडी रॉम' अशी ओळ टाका.

'आंतरपृष्ठ' इथे नको. तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेला तो शब्द शोभतो. 'जोडणी' सोपा आहे, पण अपुरा. तुमच्या कार्डावरच्या खोबणी मोजून बघा : सोनीची ३४ पिनांची, मित्सुमी आणि पॅनासोनिकच्या ४०-४० पिनांच्या. हार्ड डिस्कच्या आयडीई या जोडणीलाही ४०च पिना. म्हणजे पॅनासोनिकच्या ड्राइव्हची डाटा केबल मदरबोर्डवर सहज बसते, लाल कडेची तार एक नंबरच्या पिनेला बरोबर येते, आणि तरीही ड्राइव्ह दिसत नाही. कुठल्या तारेतून काय जायचं आणि ड्राइव्हला हुकूम कसा द्यायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं होतं. म्हणून एका कार्डावर तीन खोबणी. पुढे अटॅपी हे सगळ्यांसाठी एकच मानक आलं. त्यात स्कझी या दुसऱ्या एका जोडणीच्या धर्तीचे हुकूम आयडीईच्या केबलवरूनच पाठवायची सोय झाली, ड्राइव्ह हार्ड डिस्कशेजारी मास्टर-स्लेव्हचा (एका केबलवरचा पहिला कोण, दुसरा कोण ते ठरवणारा) जंपर लावून बसू लागला आणि कार्डांवरच्या त्या खोबणी गेल्या.
त्यामुळे मी दोन शब्द ठेवीन : दिसते ती 'खोबण', आणि तिच्यामागचं सगळं ठरलेलं ते 'जोडणीची पद्धत'.

शुभांगी, धुळे:
'चकती'ऐवजी 'तबकडी' का नको? ग्रामोफोनपासून रुळलेला शब्द आहे.
आणि एक भर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये प्रकाशाने वाचायच्या डिस्कच्या शेवटी 'सी' असतो आणि चुंबकीय डिस्कच्या शेवटी 'के'. देवनागरीत दोन्ही 'डिस्क'च होतात, म्हणून आपल्याला एक वेगळा शब्द हवाच.

विनायक, जळगाव:
शेवटचा मुद्दा पक्का. पण 'तबकडी' म्हटलं की ग्रामोफोनची चालही डोक्यात येते. तिथे सुई बाहेरच्या कडेने सुरू होऊन आत जाते आणि फिरण्याचा वेग एकच राहतो. सीडीवरची गोल गोल फिरत जाणारी माहितीची रेघ आतून बाहेर जाते. सुरुवातीच्या एकपट ड्राइव्हमध्ये सीडी आतल्या भागात मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेला पोचेपर्यंत सुमारे २०० वर येते. माझं मत 'चकती'लाच. ड्राइव्हच्या खोक्यावर वेगासाठी छापलेल्या 'एक्स'ला मात्र 'पट' हा आपला चोख शब्द आहे. एकपट म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, हे पाटीवर जरूर लिहा, नाहीतर मुलं विचारतील कशाच्या पट.

मधुरा, अमळनेर:
खूप आभार, दादा आणि शुभांगीताई. दोन्ही पाट्या तशाच करते. आता एकच उरलं. एका ड्राइव्हला ट्रे नाही. चकती आधी प्लास्टिकच्या कव्हरात घालून ते कव्हरच आत सारायचं असतं. या कव्हराला, म्हणजे कॅडीला, 'डबी' लिहू का?

विनायक, जळगाव:
'डबी' चालेल. तिची पत्र्याची झडप उघडी ठेवून मांडा, लेसर चकतीपर्यंत कुठून पोचतो ते दिसेल.