डेन्मार्कमधली बेकारी १९९३ नंतर नेमकी कशामुळे घटली?

कडुनिंब (प्रश्न)
डेन्मार्कचं नाव निघालं की एकच स्पष्टीकरण वाचायला मिळतं: तिथे माणसाला कामावरून काढणं सोपं आणि बेकारी भत्ता मोठा, म्हणून बेकारी कमी. मला हे अपुरं वाटतं. या दोन्ही गोष्टी १९९३ च्या आधीही होत्या, आणि त्या वर्षी नोंदणीकृत बेकारी १२ टक्क्यांच्या घरात होती. २००८ च्या मध्यात ती २ टक्क्यांच्या खाली आली. मधल्या काळात काय बदललं? भत्त्याची मुदत, प्रशिक्षण, मालकांना अनुदान, यांतलं काय उपयोगी पडलं आणि काय वाया गेलं? नियमांसकट लिहिलंत तर बरं होईल.

दीपमाळ
तुमची शंका रास्त आहे. सोपी बडतर्फी ही १८९९ च्या सप्टेंबर करारापासूनची गोष्ट. कामगार ठेवायचे-काढायचे कसे हे मालक ठरवणार, त्या बदल्यात कामगारांचा संघटनेचा हक्क ते मान्य करणार, असा तो सौदा होता. बेकारी विम्याच्या आ-कासेंना (कामगार संघटनांच्या जवळचे स्वेच्छा निधी) सरकारी मदत १९०७ पासून मिळते. भत्ता आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत, पण वर मर्यादा आहे. २०२४ मध्ये ती महिन्याला २० हजार क्रोनरच्या थोडी वर होती. त्यामुळे कमी पगाराच्या माणसाला भत्ता जवळजवळ पगाराइतका पडतो, इंजिनिअरला निम्म्याहून कमी.

१९९३ पर्यंतची मोठी भोक पडलेली जागा ही: सरकारी कार्यक्रमात काही महिने काम केलं की भत्त्याचा हक्क पुन्हा नव्याने सुरू व्हायचा. भत्ता, कार्यक्रम, पुन्हा भत्ता, असं चक्र वर्षानुवर्षं चालू राहायचं. पंतप्रधान पॉल न्यूरुप रासमुसेन यांच्या सरकारने १९९४ मध्ये ते तोडलं. कार्यक्रमातले दिवस नव्या हक्कासाठी मोजणं बंद केलं आणि एकूण मुदत ७ वर्षं ठरवली. पुढे ती ५ आणि १९९९ मध्ये ४ वर्षं झाली. मला मुदतीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो तो तिचा आतला हिशोब. सात वर्षांत पहिली चार नुसत्या भत्त्याची होती; चार वर्षांच्या मुदतीत नुसत्या भत्त्याचं एकच वर्ष उरलं. त्यानंतर प्रशिक्षण किंवा अनुदानित काम घेणं हा हक्कही आणि सक्तीही. २५ वर्षांखालच्यांसाठी १९९६ पासून नियम आणखी कडक झाला: शिक्षण अपुरं असेल आणि सहा महिने काम नसेल तर १८ महिने शिक्षण घ्यायचं, तेही निम्म्या भत्त्यावर.

तागडी
वरच्या प्रतिसादाला जोड म्हणून कार्यक्रमांबद्दल लिहितो, कारण सगळे एकाच मापाने मोजले जातात आणि तिथेच चूक होते.

सक्तीच्या कार्यक्रमाचा बराचसा परिणाम तो सुरू होण्याआधीच दिसतो. तारीख जवळ आली की लोक जोमाने काम शोधतात आणि कितीतरी जण त्याआधीच रुजू होतात. एकदा माणूस वर्गात जाऊन बसला की उलट होतं: अर्ज करणं थांबतं, कोर्स संपेपर्यंत तो तिथेच अडकतो. म्हणून ज्याला दोन महिन्यांत काम मिळालंच असतं त्याला लांबलचक कोर्सला पाठवणं हा शुद्ध तोटा. अकुशल माणसाला मागणी असलेल्या कामाचं प्रशिक्षण दिलं तर मात्र उशिरा का होईना, फळ मिळतं.

सगळ्यांत चांगला अनुभव खासगी कंपनीतल्या अनुदानित नोकरीचा. सरकारी खात्यातली अनुदानित जागा त्यामानाने फारशी कामी येत नाही. काम संपलं की माणूस होता तिथेच. मात्र खासगी अनुदानात गैरवापराचा धोका मोठा आहे. मालक पगारी माणूस काढून स्वस्तातला घेतो. त्यावर डॅनिश कायद्यात दोन अटी आहेत. पहिली, अनुदानित माणूस गेल्या १२ महिन्यांच्या सरासरी मनुष्यबळात भर असला पाहिजे. दुसरी, प्रमाणाची: ५० पर्यंत कर्मचारी असतील तर दर पाच नेहमीच्या कर्मचाऱ्यांमागे एक, त्यापुढच्यांसाठी दर दहामागे एक. कामाच्या जागी कामगार प्रतिनिधीने या अटी पाळल्याची खात्री द्यायची असते. विमाधारकाला साधारण सहा महिन्यांच्या बेकारीनंतरच अशी जागा मिळते. हे थांबणं मुद्दाम आहे, नाहीतर जे आपोआप कामाला लागले असते त्यांच्यावरच पैसा खर्च होतो.

उंबरठा
माझा एक आक्षेप आहे. १२ वरून २ हा सगळा प्रवास सुधारणांच्या नावावर जमा करू नका.

१९९४ लाच रजा योजनाही आल्या: बालसंगोपन, शिक्षण आणि चक्क विश्रांतीसाठी रजा. बेकार माणूसही त्यांतल्या काही घेऊ शकत होता, आणि रजेवर गेला की बेकारांच्या नोंदीतून त्याचं नाव निघायचं. पन्नाशीतल्या दीर्घकाळ बेकारांसाठी संक्रमण भत्ता होता. तो घेणारा श्रमबाजारातूनच बाहेर. साठीनंतरचं स्वेच्छानिवृत्ती वेतन तर १९७९ पासूनचं. सरकारने पुढे या योजना एकेक करून आवळल्या किंवा बंद केल्या, हे खरं. पण नव्वदीच्या मध्यावरचे आकडे वाचताना नोंदलेल्या बेकारांत रजेवरचे आणि संक्रमण भत्त्यावरचे मिळवूनच तुलना करा. नाहीतर नाव खोडलं गेलं त्यालाच रोजगार म्हणाल.

दुसरं, मागणी. १९९३ मध्ये सरकारने खर्च वाढवला, व्याजदर उतरले, आणि नियम सैल केल्यामुळे लोकांनी गृहकर्जं स्वस्तात बदलून घेतली. हातात पैसा खेळला, कंपन्यांना माणसं हवी झाली. मागणी नसती तर कामाच्या सक्तीने फक्त रांग लांबली असती. त्यातच १९८७ पासून संघटना आणि मालक पगारवाढ आवरती ठेवत आले होते, म्हणून मागणी वाढूनही महागाई उसळली नाही.

कडुनिंब
तिघांचेही आभार. मग मुदत अजून कमी केली तर अजून फायदा, असं म्हणता येईल का? २०१० मध्ये ती थेट २ वर्षं केली ना?

दीपमाळ
केली, आणि वेळ चुकली. मंदीत तिजोरी सावरण्याच्या पॅकेजमध्ये तो निर्णय आला. सोबत दुसरी अट: पुन्हा हक्क मिळवायला २६ आठवड्यांऐवजी पूर्ण वर्षाचं, म्हणजे १,९२४ तासांचं काम. नोकऱ्या नसताना हजारोंचा भत्ता संपला. त्यातल्या पुष्कळांना सामाजिक मदतही मिळेना, कारण ती देताना जोडीदाराची कमाई आणि घरातली शिल्लक पाहतात. शेवटी २०१३ मध्ये शिक्षणाची तात्पुरती योजना, पुढे वेगळा मुदतबंद भत्ता, अशी ठिगळं लावावी लागली.

१९२४ तासांच्या अटीचा आणखी वाईट परिणाम म्हणजे दोन महिन्यांचं हंगामी काम घेऊन काही मिळेना. २०१७ पासून हे सुधारलं. मुदत दोनच वर्षं, पण मधे केलेल्या कामाचे तास खात्यात जमा होतात आणि प्रत्येक तासाला भत्त्याचे दोन तास वाढतात. तीन महिने पूर्णवेळ काम केलं तर सहा महिने जास्त, एकूण वाढ मात्र एका वर्षापर्यंतच. म्हणून आता बांधकामावरची किंवा बदलीची छोटी नोकरी नाकारण्यात कोणाचाच फायदा नाही.